परभणीच्या उन्हात बर्फाचं औषध

पेडगावहून परभणीकडे निघालेल्या एखाद्या जुन्या मारुती 800 चा विचार करा. मे महिना, दुपारचे दोन, बाहेर 44 अंश. बॉनेटखालचं 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर आत दर सेकंदाला 75 वेळा पेट्रोलचा भडका उडतो. प्रत्येक भडक्यात वायूचं तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं. त्या आगीसमोर वरखाली पळणारा पिस्टन कोणत्या धातूचा असतो? ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. आणि शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांनाच वितळतं!

तरी पिस्टन शाबूत राहतो. वीस-पंचवीस वर्षं राहतो. याचं कारण असं, की भडका क्षणभराचा असतो आणि धातूत शिरलेली उष्णता लगेच दुसरीकडे वाहून नेली जाते. पिस्टनकडून सिलिंडरच्या भिंतीकडे, भिंतीकडून तिच्यामागे खेळणाऱ्या पाण्याकडे, पाण्याकडून रेडिएटरकडे आणि तिथून पेडगावच्या वाऱ्यात. या साखळीतली एक कडी जरी सुटली, तरी इंजिनाचं आयुष्य मिनिटांत मोजावं लागतं.

किती उष्णता? जळलेल्या पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग या पाण्यात येतो. चाकांपर्यंत जेवढी ऊर्जा पोहोचते, जवळपास तेवढीच! हिशेब केला तर एक लिटर पेट्रोल जळताना पाण्यात आलेल्या उष्णतेवर तीसेक लिटर थंड पाणी उकळीला येईल. आंघोळीच्या दोन बादल्या. आणि हे सगळं सांभाळायला इंजिनात असतं ते चार-पाच लिटर पाणी, त्याच त्या नळ्यांमधून पुन्हा पुन्हा फिरणारं.

पाणीच का, हा प्रश्न इथे विचारायलाच हवा. एक किलो लोखंड एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या नऊपट उष्णता एक किलो पाण्याला लागते. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. आलेल्या उष्णतेचा मोठा वाटा ते बंध सैल करण्यात खर्च होतो आणि तापमान हळूहळूच चढतं. स्वस्तातल्या स्वस्त द्रवाच्या अंगात उष्णता वाहून नेण्याची एवढी ताकद आहे, की तेल, ग्लायकॉल, अल्कोहोल यांपैकी कुणीही त्याच्या जवळ येत नाही.

आता रेडिएटर. तो किती उष्णता बाहेर टाकेल, हे त्याच्या आतल्या पाण्याच्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. जानेवारीच्या पहाटे परभणीत दहा अंश असतात, आतलं पाणी 95. फरक 85 चा. मेच्या दुपारी हवा 45 वर, फरक उरला 50. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, तोच रस्ता, पण उष्णता टाकण्याची क्षमता जानेवारीच्या साठ टक्क्यांवर. हिवाळाभर बिनतक्रार चाललेली गाडी मार्चनंतर अचानक ‘हीट’ घ्यायला लागते, त्यामागे हे साधं गणित आहे. रेडिएटरमधला बिघाड जुनाच असतो. थंडीने तो झाकून ठेवलेला असतो.

उन्हाळा असा कडक, म्हणून आपल्याकडचे बरेच मेकॅनिक एक उपाय करतात: थर्मोस्टॅट काढून टाकतात. पाणी सतत रेडिएटरमधून जाऊ द्या, गाडी थंड राहील! पण थर्मोस्टॅट म्हणजे काय ते पाहिलं, की तो फेकवत नाही. पितळेच्या छोट्या डबीत मेण भरलेलं असतं. साधारण 82 ते 88 अंशांना ते वितळतं आणि वितळताना दहा-पंधरा टक्के फुगतं. त्या फुगण्याने एक दांडी ढकलली जाते आणि रेडिएटरकडे जाणारी वाट उघडते. पाणी थंड झालं, मेण गोठलं, स्प्रिंगने वाट बंद. ना वायर, ना बॅटरी, ना सेन्सर! सर्जियस व्हर्नेट याने 1930 च्या दशकात शोधलेली ही मेणाची डबी आजही जगभरच्या गाड्यांमध्ये काम करते आहे. ती काढली की इंजिन नीट तापतच नाही. पेट्रोल जास्त पितं आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर त्याहून वाईट होतं. थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करत असतो. तोच नसला, तर बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत येतं आणि गाडी उलट जास्त तापते. परभणीच्या उन्हातसुद्धा थर्मोस्टॅट जागेवर हवा, असं माझं ठाम मत आहे.

रेडिएटरच्या डोक्यावरचं झाकणही असंच कसबी आहे. ते घरातल्या कुकरच्या शिट्टीचंच काम करतं. अनेक गाड्यांत ते साधारण 0.9 बार जादा दाब धरून ठेवतं. त्या दाबाखाली साधं पाणी शंभराऐवजी 118-119 अंशांपर्यंत उकळत नाही. पण कुकरची शिट्टी फक्त बाहेर सोडते. या झाकणाला आत घेणारी झडपही असते. तापल्यावर चार लिटर पाणी सुमारे दीडशे मिलिलिटरने फुगतं. तेवढं पाणी झाकणाची मोठी झडप उचलून पातळ नळीतून बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीत जातं. रात्री इंजिन निवलं की आत पोकळी तयार होते, छोटी झडप उघडते आणि बाटलीतलं द्रव परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. रोज जायचं, रोज परत यायचं. म्हणूनच झाकणाचं रबर कडक झालं, की गाडी तापल्यावर द्रव बाहेर फेकते पण परत घेत नाही. बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा! अशा वेळी नुसती बाटली पाहून समाधान मानलं, तर इंजिन हातचं जातं. एक झाकण, किंमत किरकोळ. जुन्या गाडीत आधी ते बदलून पाहावं.

आणि हे झाकण गरम असताना उघडलं तर? समजा, आतलं पाणी दाबाखाली 115 अंशांना आहे, अजून उकळलेलं नाही. झाकण फिरलं, दाब गेला. आता त्या पाण्याला 100 च्या वर द्रवरूपात राहताच येत नाही. चार लिटरमधलं जेमतेम शंभर मिलिलिटर पाणी तत्क्षणी वाफ होतं. शंभर मिलिलिटर म्हणजे काय, एक कप! पण वाफ झाल्यावर त्याची जागा होते दीडशे लिटरहून जास्त. ती वाफ उरलेलं उकळतं पाणी घेऊन थेट तोंडावर येते. ओलं फडकं झाकणावर टाकून उघडणारे पाहिले की काळजाचा ठोका चुकतो. अर्धा-पाऊण तास थांबा. वरची रबरी नळी हाताला कोमट लागू द्या. मगच झाकणाला हात लावा.

इथवर सगळी कामगिरी पाण्याची आणि झाकणाची झाली. मग बोअरचं पाणी भरून गाडी चालवायला काय हरकत आहे? पिढ्यान्‌पिढ्या जीप आणि ट्रॅक्टर तसेच चालले ना?

या प्रश्नाचं उत्तर आपल्या पायाखाली आहे. परभणी जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. त्या खडकाच्या भेगांतून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेतं. उन्हाळ्यात कूलरच्या जाळीवर साचणारा पांढरा थर तोच. आता त्यातली चमत्कारिक गोष्ट ऐका. साखर, मीठ गरम पाण्यात जास्त विरघळतात. पण हा चुना उलट वागतो. पाणी तापलं, की त्यातलं बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडून भिंतीला चिकटतं. कोणत्या भिंतीला? जी सर्वांत गरम आहे तिला! सिलिंडर हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास, जिथून उष्णता सर्वांत आधी बाहेर पडायला हवी, नेमकं तिथेच. या थरातून उष्णता इतकी सावकाश जाते, की एक मिलिमीटर क्षार म्हणजे सुमारे दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची बिडाची जादा भिंत. तापमानाचा काटा मधोमध असतो, पाणी ठीक असतं, आणि आतला धातू मात्र भाजत असतो.

दुसरा शत्रू आणखी गुप्त. जुन्या इंजिनाच्या पाणीवाटेत किती धातू असतात पाहा: ब्लॉक बिडाचा, बऱ्याच गाड्यांत हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा, त्याच्या सांध्यांना शिसं-कथलाचं झाळण. क्षारयुक्त पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडून ठेवले, की काय होतं? 1800 साली अलेस्सांद्रो व्होल्टाने नेमकं हेच करून जगातली पहिली बॅटरी बनवली होती. तुमच्या बॉनेटखाली तीच प्रक्रिया रात्रंदिवस चालू असते आणि तिची किंमत मोजतं ते बिचारं ॲल्युमिनियम. हेडला खड्डे पडतात, गॅस्केटची बैठक खराब होते आणि एके दिवशी ‘गॅस्केट गेलं’ असं ऐकायला मिळतं. गॅस्केट त्या दिवशी गेलं. धातू कित्येक महिने जात होता.

या दोन्ही शत्रूंवरचा इलाज म्हणजे कूलंट: पाण्यात मिसळायचं ग्लायकॉल आणि त्यातली गंजरोधक रसायनं. तो आला कुठून? थंडीतून. 1856 मध्ये शार्ल-आदोल्फ वुर्त्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एथिलीन ग्लायकॉल प्रथम तयार केलं. थंड देशांत गाड्या आल्या तेव्हा रात्री इंजिनातलं पाणी गोठून फुगायचं आणि ब्लॉक तडकायचा. सुरुवातीला लोक पाण्यात अल्कोहोल मिसळत, पण ते उडून जाई. 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात ग्लायकॉल बाजारात आलं आणि टिकलं. त्याचं अजब असं, की ते स्वतः उणे 13 अंशांना गोठतं, पाणी शून्याला. दोघांना निम्मंनिम्मं मिसळा, मिश्रण उणे 37 पर्यंत गोठत नाही! ग्लायकॉलचे रेणू पाण्याच्या रेणूंमध्ये घुसून त्यांना बर्फाची शिस्तबद्ध रचना करूच देत नाहीत.

परभणीत पाणी गोठायचा प्रश्नच नाही. पण तीच ढवळाढवळ दुसऱ्या टोकालाही उपयोगी पडते. ग्लायकॉल 197 अंशांना उकळतं. निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू उघड्यावर सात-एक अंशांनी वर जातो आणि झाकणाच्या दाबाखाली सव्वाशेच्या पुढे. बर्फासाठी आणलेलं द्रव्य मराठवाड्याच्या उन्हात उकळी रोखतं!

ही दुसरी बाजू आधी पुरेपूर वापरली ती विमानांनी, आणि त्या गोष्टीचा एक धागा आपल्या भागापर्यंत येतो. 1940 च्या ब्रिटनच्या लढाईत 152 (हैदराबाद) स्क्वाड्रनची स्पिटफायर विमानं लढत होती. निजामाच्या देणगीवरून तिला हे नाव मिळालं होतं आणि तिच्या मानचिन्हावर निजामाची पगडी होती. परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. या स्पिटफायर विमानांच्या मर्लिन इंजिनात सुरुवातीला निव्वळ ग्लायकॉल फिरत असे. का? तर ते पाण्यापेक्षा खूप जास्त तापू देता येतं. आपला मे-जानेवारीचा हिशेब आठवा: आतलं द्रव जितकं गरम, तितका हवेशी फरक मोठा, तितका रेडिएटर लहान. पंखाखाली लहान रेडिएटर म्हणजे हवेचा अडथळा कमी, विमानाचा वेग जास्त. पुढे अभियंत्यांच्या ध्यानात आलं, की ग्लायकॉल पेट घेतं आणि उष्णताही पाण्याएवढी वाहत नाही. मग नंतरच्या मर्लिनमध्ये 70 टक्के पाणी, 30 टक्के ग्लायकॉल आणि सोबत दाब, अशी जुळणी झाली. लढाऊ विमानाने शिकवलेला हा धडा आज पेडगावातल्या कूलंट घातलेल्या प्रत्येक गाडीत आहे. कूलंटचा कॅन बिनपाण्याचा ओतला म्हणजे गाडी दुप्पट थंड, हा समज म्हणूनच चुकीचा. उष्णता वाहणार पाणीच.

आता निवडीकडे. दुकानात हिरवं, लाल, गुलाबी, निळं, पिवळं कूलंट असतं आणि आपण रंग पाहून मागतो. ग्लायकॉलला स्वतःचा रंगच नाही! रंग कंपनी घालते आणि प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा. खरा फरक असतो त्यातल्या गंजरोधक रसायनांत, आणि तो डब्याच्या मागच्या बारीक अक्षरांत सापडतो.

जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेटसारखी रसायनं असतात. ती सगळ्या धातूवर पातळ संरक्षक थर चढवतात, चटकन काम करतात आणि साधारण दोन वर्षांत संपतात. 1990 च्या दशकात आलेलं नवं कूलंट सेंद्रिय आम्लांवर चालतं. डब्यावर ‘ओएटी’ लिहिलेलं असतं. त्याचं वागणं मला फार विलक्षण वाटतं. ते सगळीकडे थर चढवत बसत नाही. जिथे धातू उघडा पडून गंज सुरू होतो, नेमक्या त्याच जागी त्याचे रेणू जाऊन चिकटतात. गंजानेच गंजाचा रस्ता दाखवायचा! खर्च कमी होतो, म्हणून ते पाच वर्षांच्या आसपास टिकतं. दोन्हींचा मेळ घालणारा ‘एचओएटी’ हा तिसरा प्रकारही असतो.

मग जुन्या गाडीला कोणतं? कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी किंवा तांब्या-पितळेचा, डाग दिलेला रेडिएटर असलेली जुनी जीप असेल, तर सिलिकेटवालं जुनं कूलंटच बरं. शिसं-कथलाच्या झाळणाला ते मानवतं, आणि ‘ओएटी’ मुख्यतः ॲल्युमिनियमच्या इंजिनांसाठी घडवलेलं आहे. रेडिएटर नंतर बदलून ॲल्युमिनियमचा बसवला असेल, तर गाडीच्या पुस्तकात सांगितलेला प्रकार घ्या. डब्यावर भारतीय मानक आयएस 5759 चा उल्लेख आहे का, हेही पाहा. आणि कूलंट घट्ट आहे की तयार, हे तपासाच. तयार मिश्रण तसंच ओतायचं. घट्ट असेल तर डब्यावरच्या प्रमाणात पाणी मिसळायचं. ते पाणी बोअरचं नको, बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. नुसतंच डिस्टिल्ड वॉटर भरून चालवणंही बरोबर नाही. त्यात क्षार नसले तरी गंजरोधकही नसतं.

आत आधी काय आहे ते माहीत नसेल, तर वरून दुसरं ओतू नका. दोन प्रकारांची रसायनं एकमेकांचं काम बिघडवतात, कधी चिकट गाळ धरतो. निवलेल्या इंजिनातलं सगळं काढा, पाण्याने धुऊन घ्या, मग एकच प्रकार भरा. वर्षानुवर्षं बोअरच्या पाण्यावर चाललेल्या गाडीत कूलंट भरलं की ती गळायला लागते आणि दोष कूलंटला दिला जातो. भोकं आधीपासूनच असतात. क्षाराने आणि गंजाने ती बुजलेली असतात. धुण्याने ती मोकळी होतात आणि ग्लायकॉल पाण्यापेक्षा बारीक फटीतूनही वाट काढतं. अशा वेळी रेडिएटरवाल्याकडे जाऊन डाग देऊन घ्यावा. परत बोअरच्या पाण्यावर जाणं हा तोडगा नव्हे.

भरताना इंजिन थंड हवं. रेडिएटर काठोकाठ भरा, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा, हीटर असेल तर पूर्ण गरमवर ठेवा. थर्मोस्टॅट उघडला की आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर येते आणि पातळी खाली जाते. पुन्हा भरा, झाकण लावा आणि बाटली दोन रेघांच्या मध्ये आणा. वरच्या रेघेच्या पुढे भरलं, तर फुगायला जागा राहत नाही.

यानंतर पातळी कमी व्हायचं खरं तर कारणच नाही. ही बंद वाट आहे. कूलंट जळत नाही, खर्च होत नाही. महिन्या-महिन्याला भर घालावी लागत असेल, तर ते कुठेतरी जातंच आहे: रबरी नळीच्या पट्टीतून, वॉटर पंपाच्या भोकातून, किंवा आत, सिलिंडरमध्ये. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर किंवा ऑइलच्या पट्टीवर दुधाळ फेस दिसला, तर गॅस्केट समजा आणि गाडी पुढे नेऊ नका. मानवत रोडच्या वाटेवर भर उन्हात काटा लाल रेघेकडे निघाला, तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण चालू करा. मे महिन्यात हीटर! पण तो गाडीतला दुसरा छोटा रेडिएटर आहे आणि त्या घटकेला तेवढी मदत मोलाची असते. काटा तरीही उतरला नाही, तर सावली बघून गाडी बंदच करा. जवळ कूलंट नसेल आणि इंजिन निवलं असेल, तर मिळेल ते स्वच्छ पाणी घालून गावापर्यंत या. तापलेल्या इंजिनात मात्र गार पाणी ओतू नका; धातू एकदम आकसतो आणि हेड तडकतं.

शेवटची सूचना अंगणासाठी. ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. काढलेलं कूलंट जमिनीवर किंवा उघड्या भांड्यात राहिलं, तर कुत्री, जनावरं, कधी लहान मूलही त्याला तोंड लावतं. यकृतातलं एक विकर त्याचं रूपांतर करत जातं, शेवटी ऑक्झॅलिक आम्ल बनतं आणि त्याचे कॅल्शियमशी मिळून स्फटिक मूत्रपिंडात साचतात. विश्वास बसणार नाही, पण दवाखान्यात यावर वापरल्या जाणाऱ्या उताऱ्यांपैकी एक म्हणजे साधं इथाइल अल्कोहोल. ते त्याच विकराला गुंतवून ठेवतं आणि विष व्हायच्या आत ग्लायकॉल लघवीवाटे निघून जातं. हा उपाय डॉक्टरांनी मोजून करायचा आहे, घरी नाही. म्हणून जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून त्यावर ठळक लिहा, गॅरेजवाल्याकडे द्या. विहिरीजवळ, नाल्यात, गोठ्याकडे ओतू नका. कुणाच्या पोटात गेल्याची नुसती शंका आली, तरी तासभरही वाट न बघता परभणीचा दवाखाना गाठा आणि डबा सोबत न्या.